तक्रारीची तारीख बघा

पोळी-भात सोडल्यावर होणाऱ्या विचित्र त्रासांना एक वेळापत्रक असतं. ते कळलं, तर कुठला त्रास सोसायचा आणि कुठल्यासाठी दवाखाना गाठायचा, हेही कळतं.

एका ५९ वर्षांच्या गृहस्थांच्या गाडीत दारू ओळखणारं कुलूप बसवलेलं होतं. चालकाने आधी यंत्रात फुंकर मारायची. श्वासात दारू आढळली, तर इंजिन सुरूच होत नाही. गृहस्थ आयुष्यात कधी दारूला न शिवलेले. तरीही गाडीने त्यांना प्यायलेले ठरवलं आणि ती जागची हलेना. वजन उतरवण्यासाठी ते अतिशय कमी उष्मांकांच्या आहारावर होते, एवढाच काय तो त्यांचा गुन्हा. स्वीडनच्या संशोधकांनी ही हकिकत २००७ साली एका वैद्यकीय नियतकालिकात मांडली.

उलगडा असा होता. अन्नातून पुरेशी कर्बोदकं मिळेनाशी झाली, की यकृत चरबीपासून ‘कीटोन’ नावाची संयुगं तयार करतं. त्यातलं एक ॲसिटोन. ते चटकन उडून जाणारं असल्यामुळे श्वासावाटे बाहेर पडतं. गाडीतल्या यंत्राला खरं तर ॲसिटोन कळत नाही. पण यकृतातलं एक विकर त्यातल्या काही ॲसिटोनचं आयसोप्रोपॅनॉल बनवतं आणि आयसोप्रोपॅनॉल हे एक अल्कोहोलच. यंत्राने तेच पकडलं होतं.

लो-कार्ब किंवा कीटो आहार सुरू केलेल्यांच्या तक्रारीही अशाच चक्रावून टाकणाऱ्या असतात. तिसऱ्या दिवशी डोकं धरतं. दहाव्या दिवशी तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. पुढे कुणाच्या पाठीवर खाजरं पुरळ उठतं, तर कुणाच्या कंगव्यात तिसऱ्या महिन्यात केसांचा पुंजका येतो. जिममधला मित्र म्हणतो, ‘शरीरातली घाण बाहेर पडतेय, सोस थोडं.’ घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, ‘अन्न सोडलंस, दुसरं काय होणार?’ दोघंही सगळ्या त्रासांना एकच कारण चिकटवतात. प्रत्यक्षात शरीर टप्प्याटप्प्याने इंधन बदलत असतं आणि प्रत्येक टप्प्याच्या तक्रारी वेगळ्या असतात. म्हणून काय होतंय याइतकंच ते कधी सुरू झालं, हेही विचारायला हवं.

पहिला आठवडा : पाणी आणि मीठ

शरीर कर्बोदकांचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात करतं. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास. हा झाला स्वयंपाकघरातला पिठाचा डबा. चरबी म्हणजे माजघरातली कणगी. पोळी-भात थांबला, की आधी डबा रिकामा होऊ लागतो. पण ग्लायकोजेन कोरडं साठवलं जात नाही. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. साठा उतरला, की हे पाणीही मोकळं होतं आणि लघवीवाटे निघून जातं. पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरल्याचा जो आनंद होतो, तो बराचसा या पाण्याचा असतो.

याची उलट बाजूही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दहा दिवसांच्या पथ्यानंतर लग्नात मसालेभात आणि जिलेबीवर ताव मारला, दुसऱ्या दिवशी वजनाचा काटा किलोभर वर गेला आणि माणूस खचला, असं अनेकदा घडतं. पण किलोभर चरबी साठायला गरजेपेक्षा सुमारे ७,७०० किलोकॅलरी जास्त खाव्या लागतात. एका पंगतीत ते कुणालाच जमायचं नाही. परत आलेलं असतं ते ग्लायकोजेन आणि त्याचं पाणी.

पाण्यापेक्षा जास्त त्रास होतो तो मिठाच्या जाण्याने. इन्शुलिन म्हटलं की आपल्याला फक्त रक्तातली साखर आठवते. पण मूत्रपिंडांनी सोडियम धरून ठेवावं, यातही इन्शुलिनचा हात असतो. राल्फ डीफ्रोन्झो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली हे माणसांवरच्या प्रयोगात दाखवलं. रक्तातली साखर स्थिर ठेवून फक्त इन्शुलिन वाढवलं, तर लघवीतून जाणारं सोडियम कमी झालं. लो-कार्ब आहारात याच्या उलट होतं. इन्शुलिन उतरतं, मूत्रपिंडांची पकड ढिली होते, सोडियम जातं आणि जाताना पाणीही नेतं. मग उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते, डोकं दुखतं, छातीत धडधडतं, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. याला बोलीत ‘कीटो फ्लू’ म्हणतात, पण विषाणूचा यात काहीही संबंध नाही.

आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. पोळी-भात सुटला, की त्यांच्या सोबतीने येणारा पापड, लोणचं, ब्रेड, फरसाणही सुटतं. म्हणजे मूत्रपिंडांतून मीठ जास्त जातं आणि नेमकं तेव्हाच पानातलं मीठ कमी होतं. निरोगी माणसाला अशा वेळी मीठ घातलेलं ताक किंवा वाटीभर सूप घेतल्यावर बरेचदा बरं वाटतं. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उपाय करू नये.

याच आठवड्यात बद्धकोष्ठताही गाठते, कारण धान्यं आणि कडधान्यांबरोबर चोथा जातो आणि पाणीही कमी झालेलं असतं. पालेभाज्या, जवसाची चटणी आणि भरपूर पाणी यांनी बहुतेकांचं काम भागतं.

मग संकष्टीला किंवा एकादशीला उपास करणाऱ्यांना हे सगळं का होत नाही? कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. बटाटा, रताळं, वरी यांतही कर्बोदकांचाच भरणा असतो. खिचडीच्या उपासात ग्लायकोजेन संपण्याची वेळच येत नाही.

दुसरा-तिसरा आठवडा : वास आणि अशक्तपणा

मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. रक्तातली स्निग्धाम्लं त्याला इंधन म्हणून थेट फारशी वापरता येत नाहीत. मग दीर्घ उपोषणात माणूस शुद्धीवर राहतो कसा? बोस्टनमधल्या जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली याचं उत्तर दिलं. पाच-सहा आठवडे उपाशी राहिलेल्यांच्या मेंदूचं मुख्य इंधन कीटोन झालेले होते. गंमत म्हणजे कीटोन तयार करणाऱ्या यकृताला स्वतःला ते जाळता येत नाहीत. ते सगळे इतरांसाठीच बनतात.

तोंडाचा वास याच टप्प्यावर सुरू होतो. तो दातांतून नव्हे, फुफ्फुसांतून येतो, म्हणून कितीही वेळा दात घासले तरी जात नाही. काही आठवड्यांत बहुतेकांचा वास कमी होतो. घरी लघवीतले कीटोन तपासायची पट्टी वापरणाऱ्यांचा इथे एक गोंधळ होतो. सुरुवातीला जांभळी होणारी पट्टी पुढे फिकट पडते आणि माणसाला वाटतं, आहार फसला. पण ती पट्टी ॲसिटोॲसिटेट हा एकच कीटोन ओळखते. रक्तात सर्वाधिक असणारा बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट तिला दिसतच नाही.

या काळात जाणवणारा अशक्तपणा दीडशे वर्षांपूर्वीच नोंदला गेला आहे. अमेरिकी सैन्यातले लेफ्टनंट फ्रेडरिक श्वाट्का १८७८ ते १८८० या काळात उत्तर ध्रुवीय प्रदेशात फिरत होते. जॉन फ्रँकलिन यांच्या हरवलेल्या मोहिमेचे अवशेष ते शोधत होते. निव्वळ रेनडिअरच्या मांसावर राहायला लागल्यावर सुरुवातीला अंगात त्राण राहत नाही, कष्टाची मजल मारता येत नाही आणि दोन-तीन आठवड्यांत हे आपोआप सरतं, असं त्यांनी लिहून ठेवलं.

त्यापुढचा प्रयोग न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात झाला. एस्किमोंबरोबर वर्षानुवर्षं राहिलेले संशोधक-प्रवासी विल्यालमुर स्टेफान्सन आणि त्यांचे सहकारी कार्स्टन अँडरसन यांनी १९२८ साली डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षभर फक्त मांसाहार करायचं ठरवलं. स्टेफान्सन यांना सुरुवातीला मुद्दाम चरबी काढलेलं मांस दिलं. दोन-तीन दिवसांतच त्यांना मळमळ आणि जुलाब सुरू झाले. चरबीचं मांस मिळाल्यावर ते सावरले आणि वर्ष नीट पार पडलं. आजही लो-कार्ब करणारे अनेक जण ही चूक करतात. पोळी-भात सोडतात, तुपा-तेलालाही घाबरतात आणि उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग खात दिवस काढतात. कर्बोदकंही नाहीत आणि स्निग्धांशही नाही, मग शरीराने चालायचं कशावर?

याच सुमारास आणखी एक पाहुणा येऊ शकतो. मूत्रपिंडांत कीटोन आणि युरिक ॲसिड यांची बाहेर पडण्यासाठी स्पर्धा लागते, त्यामुळे रक्तातलं युरिक ॲसिड काही काळ वाढतं. ज्यांना आधीच गाऊट आहे, त्यांचा पायाचा अंगठा अशा वेळी मध्यरात्री लाल होऊन ठणकू लागतो.

पाठीवरची जाळी

सगळ्यांत विचित्र तक्रार त्वचेची. पाठ, छाती आणि मानेवर लालसर, खूप खाजणारे फोड उठतात. त्यांची मांडणी जाळीसारखी असते आणि फोड बसल्यावर तपकिरी डागांची जाळी महिनोन्महिने राहते. जपानचे त्वचारोगतज्ज्ञ मासाजी नागाशिमा यांनी १९७१ साली या विकाराचं पहिलं वर्णन केलं. पुढे त्याला ‘प्रुरायगो पिगमेंटोझा’ हे नाव मिळालं. त्याचे बरेच रुग्ण पूर्व आशियातल्या तरुण मुली होत्या. कडक डाएट, उपोषण, ताब्यात नसलेला मधुमेह अशा वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या रुग्णांचा दुवा पुढे जुळला तो वाढलेल्या कीटोनांशी. हा विकार दुर्मीळ आहे, पण कीटो आहार जगभर पसरल्यावर तो इतर देशांतल्या दवाखान्यांतही दिसू लागला.

हे पुरळ घामोळं किंवा ॲलर्जी समजून मलमं लावली जातात आणि त्यांचा फारसा उपयोग होत नाही. डॉक्सिसायक्लिन किंवा मिनोसायक्लिनसारखी प्रतिजैविकं लागू पडतात, ती इथे जंतू मारतात म्हणून नव्हे, तर दाह कमी करतात म्हणून. कित्येकांचं पुरळ आहारात पुन्हा कर्बोदकं आणल्यावरच ओसरतं. त्वचारोगतज्ज्ञांना आपण डाएटवर आहोत हे सांगायचं राहिलं, तर निदान भलतीकडेच जाऊ शकतं.

तिसरा महिना : केस

डोक्यावरचे बहुतेक केस वाढीच्या अवस्थेत असतात, थोडे विश्रांतीच्या. शरीराला मोठा ताण बसला, मग तो बाळंतपणाचा असो, टायफॉइडचा असो किंवा झपाट्याने उतरलेल्या वजनाचा, की पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि साधारण दोन-तीन महिन्यांनी गळतात. त्यामुळे कारण आणि परिणाम यांची सांगड बसत नाही. जानेवारीत डाएट सुरू केलेली व्यक्ती एप्रिलमध्ये नव्या शाम्पूला दोष देते. कर्बोदकं कमी होण्यापेक्षा एकूणच अन्न, प्रथिनं आणि लोह कमी पडणं इथे जास्त नडतं. मूळ शाबूत असल्यामुळे हे केस सहसा पुन्हा येतात, मात्र त्याला काही महिने जावे लागतात.

मुतखडाही असाच उशिरा येणारा. अपस्माराच्या मुलांसाठी कीटो आहार १९२१ पासून वापरात आहे, त्यामुळे त्याच्या दीर्घकालीन त्रासांची माहिती या मुलांकडून मिळाली. अमेरिकेतल्या एका अभ्यासात सुरुवातीपासून पोटॅशियम सायट्रेट दिल्यावर मुतखड्याचं प्रमाण सुमारे सात टक्क्यांवरून एक टक्क्याच्या खाली आलं. कोलेस्टेरॉलची वाढही अशीच उशिरा लक्षात येते. काही जणांचं एलडीएल या आहारात बरंच वाढतं आणि ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

वाट पाहू नये असं काही

वरचे बहुतेक त्रास ओसरणारे आहेत. पण काही माणसांनी हा आहार स्वतःच्या मनाने सुरूच करू नये. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी कर्बोदकं एकदम तोडली आणि डोस तोच ठेवला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांचं गणितही पहिल्याच आठवड्यात बदलतं.

सर्वांत फसवा धोका डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या मधुमेहाच्या गोळ्यांचा. या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात आणि कीटोन वाढवतात. जोडीला कडक लो-कार्ब आहार आला, तर कीटोन हाताबाहेर जाऊन रक्तातली आम्लता धोकादायक वाढू शकते. याला ‘कीटोॲसिडोसिस’ म्हणतात. आहारातून येणारी कीटोनची पातळी सहसा लिटरमागे ०.५ ते ३ मिलिमोल असते. कीटोॲसिडोसिसमध्ये ती कित्येक पटींनी वाढते. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१५ साली या गोळ्यांबाबत कीटोॲसिडोसिसचा इशारा दिला. आपल्याकडे २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं आणि ती स्वस्तात मिळू लागली, त्यामुळे हा इशारा आपल्या घरांपर्यंत पोहोचायला हवा. फसवेपणा असा, की ग्लुकोमीटरवरची साखर जवळजवळ ठीक दिसते. उलट्या, पोटदुखी, धाप, गुंगी ही लक्षणं दिसली, तर ‘कीटो फ्लू असेल’ म्हणत घरी थांबू नये. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आयांमध्येही कडक लो-कार्ब आहारामुळे कीटोॲसिडोसिस झाल्याच्या नोंदी आहेत. दुधातल्या साखरेसाठी त्यांना कर्बोदकं जास्तच लागतात.

सरासरी भारतीय माणसाची साठ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कर्बोदकांतून येते. ती कमी करण्याला अनेकांच्या बाबतीत अर्थ आहे, पण त्यासाठी एका सोमवारी सगळंच तोडायची गरज नसते. हळूहळू उतरलं, तर मूत्रपिंडांना आणि गोळ्यांच्या डोसला जुळवून घ्यायला वेळ मिळतो. तरीही त्रास झालाच, तर तीन गोष्टी कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्याव्यात : आहार बदलल्याची तारीख, तक्रार सुरू झाल्याची तारीख आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं. कोणत्या अवयवाकडे आधी बघायचं, हे डॉक्टरांना त्या कागदावरूनच पुष्कळसं कळेल.