अधिवेशनाचे छायाचित्रण : एका नवशिक्याचे अनुभव

काही वर्षांपूर्वी इंदूरच्या आपल्या संस्थेच्या वार्षिक अधिवेशनाची छायाचित्रे काढण्याचे काम कार्यकारिणीने माझ्यावर सोपविले. माझी पात्रता एवढीच, की माझ्याजवळ बरा कॅमेरा होता. त्या अधिवेशनात आमच्या पिढीला घडविणाऱ्या एका गुरुवर्यांचा सत्कार झाला. मी त्याची सतरा छायाचित्रे काढली. पाच महिन्यांनी गुरुवर्य निवर्तले. त्यांच्या चिरंजीवांनी सत्काराचे एखादे छायाचित्र मागितले, तेव्हा ती सतराही मी पुनःपुन्हा पाहिली. कुठे सत्कार करणाऱ्यांची पाठ, कुठे चेहऱ्याआड माईक, कुठे मिटलेले डोळे. उरलेली सगळी हललेली. देण्याजोगे एकही नव्हते. ती खंत आजही आहे. त्या चुकांचे निदान पुढे हळूहळू होत गेले. नव्याने कॅमेरा हाती घेणाऱ्या सभासदांना त्याचा उपयोग व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिली अडचण प्रकाशाची. स्लाइड्ससाठी सभागृहातील दिवे मंद केलेले असतात. आपले डोळे त्याला सरावतात. कॅमेरा मात्र शटर अधिक वेळ उघडे ठेवतो आणि तेवढ्यात वक्त्याचा हात किंवा मान हलते. म्हणून शटरचा वेग सेकंदाच्या १/१२५ च्या आसपास ठेवावा. त्यासाठी लेन्सचे छिद्र शक्य तितके मोठे करावे आणि आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत वाढवावा. चित्र थोडे रवाळ झाले तरी चालते, हललेले चालत नाही. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. त्यामुळे चित्रावर पट्टे उमटू लागल्यास वेग १/१०० करावा. फ्लॅश शक्यतो टाळावा. त्याने पडद्यावरील स्लाइड फिकी पडते आणि वक्ताही विचलित होतो. वक्त्याच्या मागे उजळ पडदा असला की कॅमेरा फसतो आणि चेहरा काळवंडतो. अशा वेळी प्रकाशाचे मापन चेहऱ्यावरून करावे.

दुसरी अडचण जागेची. नेमके समोर उभे राहिल्यास माईक तोंडाआड येतो. थोडे बाजूला, वक्ता ज्या दिशेला अधिक पाहतो तिकडे उभे राहावे आणि वाक्य संपून तो क्षणभर थांबला की छायाचित्र घ्यावे. सत्कारापूर्वी सूत्रसंचालकांना विचारून कोण कोणत्या बाजूने येणार, हे समजून घ्यावे. शाल घालताना पाठ आड येणारच. खरे छायाचित्र त्यानंतर, सत्कारमूर्ती मान वर करून हात जोडतात तेव्हा मिळते. माझ्या गुरुवर्यांनी हात जोडले, तेव्हा मी आधीचे चित्र कसे आले आहे हे कॅमेऱ्यावर पाहत होतो!

तिसरी गोष्ट संयमाची. बालरोगतज्ज्ञ म्हणून ती मला विशेष महत्त्वाची वाटते. व्याख्यानात रुग्णबालकाची स्लाइड आली की आजकाल अनेक मोबाइल वर होतात. आपण कॅमेरा खाली ठेवावा. पालकांनी संमती दिलेली असते ती वैद्यकीय शिक्षणासाठी, गावभर फिरणाऱ्या चित्रासाठी नव्हे. डोळ्यांवर काळी पट्टी लावली म्हणून ओळख लपतेच असे नाही. ज्या आईने ते मूल वाढविले, ती आणि तिचे शेजारी त्याला सहज ओळखतात.

शेवटची गोष्ट नोंदींची. त्याच रात्री छायाचित्रांच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि डावीकडून उजवीकडे कोण आहेत, ती नावे लिहून ठेवावीत. आपण केसपेपर लिहिण्याचे उद्यावर टाकत नाही, तसेच हे. दहा वर्षांनी नावे सांगणारे असतीलच असे नाही.

नवशिक्यांनी बिचकू नये. लाला दीनदयाळ इंदूरला सरकारी नोकरीत आराखडे करीत असताना १८७४ च्या सुमारास छायाचित्रणाकडे वळले आणि पुढे हैदराबादच्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले. आपल्याला तेवढे गाठायचे नाही. आपल्या ज्येष्ठांचा एक स्पष्ट चेहरा त्यांच्या घरच्यांच्या हाती देता आला, तरी पुरे. पुढील अधिवेशनात कुणा तरुण सभासदाने हे काम आनंदाने घ्यावे. कॅमेरा नसेल, तर माझा आहेच.