घराजवळचें झाड धोक्याचें केव्हां मानावें?

चिंचोटीच्या नांवांतच चिंच दिसते. व्युत्पत्ति कांहींही असो, तुंगारेश्वराच्या डोंगराखालच्या या पट्ट्यांत चिंच, आंबा, जांभूळ व ताड हीं जुनीं झाडें बांधावरचीं. बांधावरचें झाड पडलें तर थोडें भात चिरडे आणि वर्षाचें सरपण होई. आतां मुंबई-अहमदाबाद महामार्ग व कामणवरून भिवंडीकडे जाणारा रस्ता यांच्या कडेला तशाच जमिनींवर गोदामें, गाळे व भाड्याच्या चाळी उभ्या आहेत. झाड होतें तेथेंच आहे. त्याच्या खालीं मात्र माणसें आलीं आहेत. म्हणून पहिला प्रश्न झाडाविषयीं नसून, त्याच्या उंचीइतक्या टापूंत काय आहे, कोण आहे आणि किती वेळ आहे, हा होय. पोकळ वड ओसाड माळावर असेल तर त्याला खुशाल उभें राहूं द्यावें. त्याच वडाखालीं ट्रकचालक रात्रीं निजत असतील तर गोष्ट वेगळी.

17 मे 2021 रोजीं तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गुजराथेकडे गेलें, तेव्हां मुंबईंत वाऱ्याचा वेग ताशीं शंभर किलोमीटरांवर गेला आणि किनारपट्टींत झाडें मोठ्या संख्येनें उन्मळलीं. परंतु झाड वादळाचीच वाट पाहतें असें नाहीं. जुलै 2017 मध्यें चेंबूर येथें रस्त्यानें जाणाऱ्या एका स्त्रीवर नारळाचें झाड कोसळून तिचा अंत झाला. तें झाड काढावें असा अर्ज अगोदरच झाला होता, व पाहणींत तें सुस्थितींत ठरलें होतें. हिरवा शेंडा हा बळकटपणाचा दाखला नव्हे.

पाहणी लांबून सुरू करावी. झाड कललेलें आहे एवढ्यानें भिऊं नये. उजेडासाठीं लहानपणापासून कललेलें झाड वर पुन्हां सरळ वळलेलें असतें, आणि त्याच्या मुळ्या त्या भाराला सरावलेल्या असतात. नवा कल निराळा. खोड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एका रेषेंत झुकतें, आणि कलाच्या उलट बाजूस जमीन फुगते किंवा तिला भेग पडते. ऐन पावसांत अशी भेग दिसली तर तज्ज्ञाची वाट न पाहतां खालचीं माणसें प्रथम हलवावीं.

मग बुंध्याशीं बसावें; खरी माहिती तेथेंच असते. बुंध्यावर फळीसारखी कठीण अळंबी आली असेल तर आंत लाकूड कुजत आहे असें समजावें. ती खरवडून टाकल्यानें रोग जात नाहीं, फक्त खूण जाते. मुळ्यांना इजा बहुधा आपणच केलेली असते. कुंपणाचा पाया किंवा नळाचा चर खोदतांना एका बाजूच्या मुळ्या सरसकट तुटतात. गोदामासाठीं भराव टाकून बुंधा हातभर पुरला जातो. अंगणांत खोडाला चिकटून काँक्रीट ओतलें जातें. झाडाच्या बहुतेक मुळ्या वरच्या हात-दीड हात मातींतच असतात. अशा झाडाचा पाला कांहीं वर्षें हिरवाच राहतो, आणि मग एका ओल्या दिवशीं तें मुळासकट आडवें होतें. अलीकडे आवारांत काय खोदकाम झालें, हा प्रश्न जो तज्ज्ञ विचारीत नाहीं त्याला पैसे देण्याचें कारण नाहीं.

खोडावर लाकडी मोगरीनें ठोकीत जावें. पोकळ जागीं आवाज बदलतो. पोकळ म्हणजे धोक्याचें, असें मात्र नाहीं. नळीप्रमाणें झाडाचा भार मुख्यतः बाहेरचें लाकूड पेलतें. ढोबळ ठोकताळा असा कीं, शाबूत लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या एक-तृतीयांशाहून कमी उरली तर काळजी करावी. म्हणजे 60 सेंटीमीटर व्यासाच्या खोडास निदान 10 सेंटीमीटर निरोगी लाकूड चोहोंकडे हवें. ढोलीचें तोंड मोठें उघडें असेल तर एवढ्यावरही विसंबूं नये. दोन जाड फांद्या अरुंद कोनांत वाढून मधली साल आंत दाबली गेली असेल, तर तो सांधा दिसतो तितका पक्का नसतो. वाऱ्यांत तेथेंच फाटतें. आंब्याखालीं भुसा पडलेला दिसला तर भिरूड शोधावी.

नारळ व ताड यांची गोष्ट वेगळी. आंबा जखमेभोंवतीं दरवर्षीं नवें लाकूड घालतो. नारळाला तें साधत नाहीं, त्याच्या खोडाची जखम जन्मभर तशीच राहते. सोंड्या भुंग्याची अळी आंतून गाभा खाते, आणि बाहेर एखादें भोंक, त्यांतून ओघळलेला तपकिरी रस व चावलेले तंतू एवढेंच दिसतें. वर चढून पाहिल्याशिवाय नारळावर अभिप्राय देऊं नये.

अभिप्राय देणाराचा लाकडाशीं संबंध नसावा. तोडणारा ठेकेदार पाहणी फुकट करतो, आणि त्याच्या मतें प्रत्येक झाड तोडण्याजोगें असतें. कोणता भाग मोडण्याचा संभव आहे, तो कशावर पडेल, किती मुदतींत काय करावें व पुन्हां केव्हां पाहावें, हें सर्व लेखी घ्यावें. शंका उरल्यास लाकडांत बारीक सुई शिरवून तिला होणारा विरोध नोंदणारें, किंवा खोडांतून ध्वनि जाण्यास लागणारा वेळ मोजणारें यंत्र लावतात. त्यांनीं पोकळीचा अदमास येतो. मुळ्यांविषयीं तीं फारसें सांगत नाहींत.

तोडणें हा एकच उपाय नव्हे. वाळलेल्या फांद्या उतरवणें, किंवा टपरी व वाहनें उभीं करण्याची जागा सरकवणें, एवढ्यानें पुष्कळदां काम भागतें. शेंडा मात्र सपाट छाटूं नये. कापल्या जागीं कूज शिरते, आणि तेथून फुटणारे जोमदार फुटवे वरवरच धरलेले असल्यानें पुढें तेच मोडतात.

तोडण्याची वेळ आलीच तर परवानगी अगोदर. जागा महानगरपालिकेच्या हद्दींत असल्यास 1975 च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणें वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. 2021 च्या दुरुस्तीनें 50 वर्षें वा अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष मानलें आहे. ग्रामीण हद्दींत 1964 चा वृक्षतोड कायदा पाहावा. त्याच्या अनुसूचींत चिंच, आंबा, फणस, जांभूळ हीं आपल्या बांधावरचींच झाडें आहेत. या सर्वांस वेळ लागतो. म्हणून पाहणी पाऊस सरल्यावर कार्तिकांत करावी, म्हणजे ज्येष्ठाच्या आंत काम उरकतें.