उजवीकडे फिरवा, डावीकडे जाईल!

इंग्लंडमध्ये माझ्या मुलीच्या शेजारी सत्तरीचं एक जोडपं राहतं. मोटारीमागे कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, जोडून दोघं भटकतात. परीक्षा असते ती परतल्यावर, ते धूड दोन भिंतींमधून मागे मागे अंगणात घालताना.

गंमत अशी, की मागे जाताना सगळं उलटं. घर डावीकडे वळायला हवं, तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवायचं. त्यावर युक्ती आहे : स्टिअरिंग खालून धरायचं. मग हात जिकडे, घर तिकडे. मात्र ते वळू लागलं, की लगेच स्टिअरिंग उलट फिरवून त्याच्या मागोमाग जायचं. उशीर झाला, तर मोटार आणि घर अडकित्त्यासारखे मिटतात. अशा वेळी सरळ पुढे घेऊन पुन्हा सुरुवात करावी; त्यात कसला आलाय कमीपणा?

आजीबाई मागे उभं राहून खुणा करतात. आरशात त्या दिसेनाशा झाल्या, की आजोबा जागीच थांबतात. भिंतीजवळ माणूस असताना अंदाज चालत नाही. 'डावीकडे' हा शब्द दोघांनी वर्ज्य केलाय. कुणाच्या डावीकडे, यावरून पूर्वी बरंच वाजलं म्हणे! आता फक्त 'कुंपणाकडे' आणि 'गुलाबाकडे'.

फारच अडचण असली, तर मोटार सोडवून 'मोटर मूव्हर' लावतात. बॅटरीवरचे रोलर कॅराव्हॅनच्या टायरना टेकतात आणि रिमोटनं घर इंच इंच सरकतं. रोलर नीट टेकल्यावरच हातब्रेक सोडायचा, नाहीतर उतारावर घर आपलं आपण निघायचं. पूर्वी आजोबा हातानं ढकलत. पाठ धरली, तेव्हा कॅराव्हॅन विकायचंच ठरलं होतं. मग हे यंत्र आलं. यंदा दोघं स्कॉटलंडला निघालीत.