भूमीच्या पोटातील ठेवा

अहिल्यानगर शहरातून मनमाडच्या दिशेने निघाले म्हणजे सीना नदीवरील पूल लागतो आणि तो ओलांडताच नागापूर येते. एके काळी केवळ शेतीवाडीचे असलेले हे गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. पुलाखालील सीना पावसाळ्यात गढूळ पाण्याने भरून वाहते. परंतु पाऊस सरला, की तिचा ओघ झपाट्याने रोडावतो. पश्चिमेकडून येणारे ढग आपले बहुतेक पाणी सह्याद्रीवर रिते करतात. त्यामुळे या भागाच्या वाट्याला वर्षाकाठी सरासरी ५० ते ६० सेंटीमीटर एवढाच पाऊस येतो.

नदी आटली म्हणजे माणसे विहिरीकडे वळतात. विहिरीत पाणी येते कोठून? ते किती येते? आणि किती उपसले असता पुढील पावसापर्यंत पुरेल? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर येथील शेती, गुरेढोरे आणि माणसे अवलंबून आहेत. पूर्वी पाणाडी अनुभवाच्या आधारे विहिरीची जागा सांगत. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिता’ या प्राचीन ग्रंथातही झाडे व वारुळे यांवरून भूमिगत पाणी कसे ओळखावे, याचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. परंतु पाणी आहे, एवढे कळून भागत नाही. ते किती आहे, हे कळावे लागते, आणि त्यासाठी मोजमाप हवे.

या मोजमापाचा आरंभ खडकापासून होतो. आपल्या देशात खडकांचा पद्धतशीर अभ्यास करण्यासाठी १८५१ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही सरकारी संस्था स्थापन झाली. आरंभी तिचे लक्ष मुख्यतः दगडी कोळशाच्या शोधाकडे होते. पुढे साऱ्या देशातील खडकांचे नकाशे तयार होत गेले. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या बेसॉल्ट खडकाने व्यापलेला आहे, हे या नकाशांवरून स्पष्ट दिसते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तप्त शिलारस बाहेर पडला. तो दूरवर पसरला आणि थंड होऊन त्याचा खडक झाला. असे एकावर एक अनेक थर साचले. वेरूळची लेणी याच खडकात कोरलेली आहेत.

या खडकाची घडण समजली म्हणजे विहिरीचे रहस्य उलगडते. वाळूच्या ढिगात ओतलेले पाणी कणाकणांमधील पोकळ्यांत सहज मुरते. बेसॉल्टचे तसे नाही. त्याच्या थराचा मधला भाग पुष्कळदा घट्ट कातळ असतो आणि त्यात पाणी जवळजवळ शिरतच नाही. थराच्या वरच्या भागात मात्र शिलारसातील वायूंच्या बुडबुड्यांमुळे छिद्रे राहिलेली असतात. कोठे खडकाला भेगा पडलेल्या असतात, तर कोठे तो झिजून त्याचा मुरूम झालेला असतो. ही छिद्रे, या भेगा आणि हा मुरूम हीच भूजलाची कोठारे होत. म्हणूनच एका शेतातील विहीर उन्हाळ्यातही पाणी देते, तर शेजारच्या शेतातील विहीर पौषातच तळ दाखविते.

भूजलाची मोजणी करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने १९७२ साली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन केली. ते वर्ष भीषण दुष्काळाचे होते. या यंत्रणेने राज्यभर साडेतीन हजारांहून अधिक विहिरी निरीक्षणासाठी निवडल्या. वर्षातून चार वेळा कर्मचारी या विहिरींवर जातात, मोजपट्टी आत सोडतात आणि जमिनीपासून पाणी किती खोल आहे, ते लिहून ठेवतात. काम दिसावयास अगदी साधे! परंतु तीच विहीर, तेच महिने आणि वर्षानुवर्षे न चुकणारी नोंद, यांमुळे त्या साध्या आकड्यांना मोल येते. एका वर्षाचा आकडा केवळ त्या वर्षाची स्थिती सांगतो. तीस-चाळीस वर्षांचे आकडे पाणी वर येत आहे की खाली चालले आहे, हे सांगतात.

या नोंदींवरून हिशेब कसा करतात, ते एका उदाहरणाने समजेल. समजा, मे महिन्यात एका विहिरीचे पाणी जमिनीपासून ९ मीटर खोल होते आणि पावसाळ्यानंतर ते ४ मीटरवर आले. म्हणजे पातळी ५ मीटर वाढली. पण त्या ५ मीटरांत सर्वत्र पाणी नाही. बहुतांश खडकच आहे. शंभर भाग खडकातून जेमतेम दोन भाग पाणी मिळते, असे धरले तर पाण्याची खरी वाढ केवळ १० सेंटीमीटर होते. एक हेक्टर क्षेत्राखाली हे पाणी दहा लाख लिटर भरेल. दहा लाख हा आकडा मोठा वाटतो. परंतु उसाला वर्षभरात सुमारे २ मीटर उंचीचे पाणी लागते. त्यातून पावसाचा अर्धा मीटर वजा केला, तरी एका हेक्टरातील ऊस पंधरा हेक्टरांखाली नव्याने साठलेले पाणी पिऊन टाकील!

विहीर आटली, की कूपनलिका खोदावी आणि तिलाही पाणी लागले नाही, तर आणखी खोल जावे, असे पुष्कळांना वाटते. परंतु खोल गेल्याने पाऊस वाढत नाही. पुष्कळदा कूपनलिका कोरडीच निघते. शेतकऱ्याच्या हाती कर्ज तेवढे उरते. पाणी लागलेच, तर अनेक वर्षांत हळूहळू साचलेला ठेवा थोड्या काळात उपसला जातो आणि शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणीही ओढले जाते. भूमीवर बांध घालता येतो. भूमीखालच्या पाण्याला बांध नसतो.

हा हिशेब मनावर घेतला तर काय घडते, हे नगर तालुक्यातीलच हिवरे बाजार या गावाने दाखवून दिले आहे. १९९० नंतरच्या काळात सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने ग्रामस्थांनी डोंगरउतारावर चर खोदले, झाडे लावली आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरविले. पुढे पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेपुढे पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा त्यांनी पाडली. पिण्याचे पाणी आधी राखून ठेवावयाचे आणि उरलेल्या पाण्यावर पिके ठरवावयाची, हा तेथील नियम. शेतीसाठी कूपनलिका खोदावयाची नाही आणि ऊस किंवा केळी लावावयाची नाहीत, असेही गावाने ठरविले. शासकीय अभ्यासाची रीत अशा प्रकारे गावकऱ्यांच्या व्यवहारात उतरली.

खडक आणि पाणी यांच्याशी वन्य प्राण्यांचेही जीवन जोडलेले आहे. जेथे खडकावर मातीचा थर पातळ असतो, तेथे दाट अरण्य वाढत नाही. गवताळ माळ तयार होतो. असा माळ हेच काळविटांचे घर. त्यांच्यासाठी कर्जत तालुक्यात १९८० साली रेहेकुरी अभयारण्य स्थापन झाले. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभागाचे कर्मचारी ठिकठिकाणच्या पाणवठ्यांजवळ मचाणावर बसून चांदण्यात प्राण्यांची गणना करतात. विहिरींची मोजपट्टी आणि मचाणावरील वही ही दोन्ही एकाच कामाची साधने आहेत. माळढोक पक्षी याच प्रदेशात पूर्वी आढळत असे. त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्यही झाले. त्याची मादी जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. माळराने नांगराखाली गेली, तसा त्याचा निवारा हरपला आणि आज महाराष्ट्रात त्याचे दर्शन अत्यंत दुर्मीळ झाले आहे. त्याची घटती संख्या नोंदवह्यांत लिहिली जात होती; परंतु केवळ लिहिल्याने तो वाचला नाही.

मोजणारा धोक्याची सूचना देऊ शकतो. ती ऐकणे इतरांच्या हाती असते. माळढोकाविषयीची सूचना फार उशिरा ऐकली गेली. हिवरे बाजारने पाण्याविषयीची सूचना वेळेवर ऐकली. सीनेच्या काठी राहणाऱ्या आणि अन्यत्रही प्रत्येक गावाने या दोहोंपैकी कोणता मार्ग धरावा, हे सांगावयास नको.