चार मिलिमीटरची चूक

डिसेंबर २००१. शनी रोहिणीच्या शेजारी होता आणि पुण्यात आमच्या गच्चीवर माझी दुर्बीण उभी होती. तिचा सहा इंची आरसा मी स्वतः घासला होता, त्यात सात महिने गेले होते. आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, मात्र पाच मिनिटांत घेतलं. दुकानदारानं विचारलं, "कोणतं देऊ?" म्हटलं, "सगळ्यात मोठं दाखवणारं." त्यानं चार मिलिमीटरचं दिलं.

आई जिना चढून आली. चष्मा काढला, डोळा लावला, बराच वेळ वाकून उभी राहिली. "दिसला हो, छान आहे," म्हणाली आणि खाली गेली.

हिशेब शाळेतल्या भागाकाराचा आहे. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतरानं भागायचं, की किती पट ते कळतं. माझ्या आरशाचं १२०० मिलिमीटर. भागिले चार, तीनशे पट. आरशाच्या व्यासाच्या मिलिमीटरांची दुप्पट ही साधारण हद्द, म्हणजे १५० ला तीनशेच, आणि तीही हवा अगदी स्थिर असेल तर. आमची गच्ची दिवसभर तापलेली. शनी पाण्यात पडलेल्या नाण्यासारखा थरथरत होता. त्यातून तीनशे पटीला आकाशाचा एवढासा तुकडा दिसतो की ग्रह अर्ध्या मिनिटाच्या आत बाहेर सरकतो. शिवाय भिंग टाचणीच्या डोक्याएवढं. पापणी टेकेपर्यंत डोळा जवळ न्यायचा, म्हणजे चष्मा काढणं आलंच. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर फोकस फिरवून भागतं. आईच्या चष्म्यात सिलिंडरचा नंबर होता. तो फोकसनं जात नाही.

पुढच्या डिसेंबरात २५ मिलिमीटरचा प्लोसल आणला. व्हिएन्नाच्या सिमोन प्लोसलनं १८६० साली केलेली ही रचना; चिकटवलेल्या भिंगांच्या दोन जोड्या. ४८ पट फक्त. पण भिंगापासून डोळा सुमारे १७ मिलिमीटर दूर ठेवता येतो. आई चष्मा लावूनच पाहू लागली. मग एकदम मागे सरली. "अरे, खरंच कडं आहे की! मागच्या वर्षी मला काहीच दिसलं नव्हतं."

वर्षभर ती बोलली नव्हती!

हल्ली कुणी "कोणता आयपीस घेऊ?" विचारलं की मी उलट विचारतो, दुर्बीण कोणती आणि चष्मा आहे का? आठ इंची, एफ/१० ची, आरसा आणि भिंग दोन्ही असलेली आखूड दुर्बीण असेल तर नाभीय अंतर दोन हजार मिलिमीटर. तिला ३२ चा आयपीस ६२ पट देतो, दहाचा दोनशे. पाचाचा घेऊन चारशे पट केली तर आपल्याकडच्या हवेत बहुतेक रात्री धुकंच दिसणार. एफ/५ च्या आखूड परावर्ती दुर्बिणीचं दुखणं उलटं. आयपीसच्या आकड्याला पाचानं भागलं की बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ४० ला आठ मिलिमीटर. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात सातपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर सहसा त्याहून कमी. उरलेला प्रकाश गालावर! शिवाय जुन्या ह्युजेन्स पद्धतीचं भिंग लांब नळीच्या भिंगाच्या दुर्बिणीवर नीट चालतं, एफ/५ वर मात्र कडेच्या ताऱ्यांना शेपट्या फुटतात.

आणि साठ मिलिमीटरच्या दुर्बिणीच्या खोक्यावर '६७५ पट' छापलेलं असलं तर १२० वाचा. माझा पहिला सल्ला ठरलेला: आधी कमी पटीचा एकच चांगला आयपीस घ्या, चंद्र-शनी-कृत्तिका त्यातच पाहा, दुसरा सहा महिन्यांनी. आणि पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी टाका, नाहीतर भिंगाला बुरशी धरते.

चार मिलिमीटरच्या भिंगाला धरली आहे. मी पुसलेली नाही.