कोळंबीवरचा पांढरा ठिपका

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग तळ्यात भडकला की तीन ते दहा दिवसांत जवळजवळ सगळी कोळंबी मरू शकते. 1990च्या दशकाच्या मध्यात या रोगाचा विषाणू भारतात पसरला आणि टायगर कोळंबीच्या शेतीचं कंबरडं मोडलं. त्यावर आजही औषध नाही. प्रतिजैविकं जीवाणूंवर चालतात, विषाणूवर नाही. दुकानदार काहीही सांगो.

म्हणून बचाव हाच उपाय, आणि त्याची सुरुवात बीजापासून. 2009मध्ये परवानगी मिळाल्यावर व्हनामी कोळंबी आली, तिचे प्रजनक, म्हणजे बीज देणारे नर-मादी, ‘रोगमुक्त’ म्हणून आयात होतात. इथेच बरेच जण फसतात. रोगमुक्त म्हणजे ठरावीक रोगजंतू अंगात नसलेली. रोग न होणारी नव्हे. बीज घेताना पीसीआरचा अहवाल मागा. पीसीआर म्हणजे विषाणूची नखाएवढी जनुकीय खूणही पकडणारी चाचणी.

मग पाणी. खाडीचं पाणी थेट तळ्यात घेऊ नका. साठवण तळ्यात बारीक जाळीतून गाळून घ्या, क्लोरीन टाका, त्याचा अंश उडाल्यावरच वापरा.

खेकड्यांकडे मात्र सर्वाधिक लक्ष हवं. खेकडा स्वतः धडधाकट दिसतो, पण विषाणू वाहून नेतो आणि रात्री बांध ओलांडतो. म्हणून बांधाभोवती जाळीचं कुंपण घालतात. मेलेली कोळंबी चोचीत धरून बगळे शेजारच्या तळ्यात टाकतात, त्यांच्यासाठी वरून दोऱ्या ताणतात. एवढं करून शेजाऱ्याचं जाळं उसनं आणलं, तर सगळं पाण्यात!

रोज खाद्याची चाचणी-ताटली उचलून बघा. खाद्य उरू लागलं, कोळंबी दिवसाढवळ्या बांधाच्या कडेला सुस्त तरंगू लागली, अंग लालसर दिसलं, तर डोक्यावरचं कवच सोलून उजेडात धरा. अर्धा ते दोन मिलिमीटरचे पांढरे ठिपके दिसतील. पण ठिपके दिसले म्हणजे हाच रोग असंही नाही. पाण्याची अल्कता वाढली तरी ते येतात. म्हणून नमुना तपासायला पाठवा.

अहवाल येईपर्यंत तळ्याचं पाण्याचं गेट बंदच ठेवा. निरोगी कोळंबी मेलेलीला खाते आणि रोग ओढवून घेते, म्हणून मेलेली लगेच काढून चुना टाकून लांब पुरा. अहवालात रोग निघाला, तर घाबरून रातोरात पाणी खाडीत सोडणारे असतात. त्याच खाडीतून उद्या शेजारी पाणी घेणार असतो. विक्रीयोग्य माल जाळ्यानेच काढा, उरलेल्या पाण्यात क्लोरीन टाकून ते तसंच साठवून ठेवा आणि क्लोरीनचा अंश संपल्यावरच सोडा. त्यानंतर तळ भेगा पडेस्तोवर वाळवा.