रबरी बोटीची मोटर: ‘किती एचपी?’ हा पहिला प्रश्न नव्हे

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत मोटर म्हटली की पहिला प्रश्न येतो, ‘किती एचपी?’ कारखान्यात तो योग्यच आहे. पण एखादे मंडळ किंवा मासेमारीची आवड असलेली मित्रमंडळी फुगवायच्या रबरी बोटीसाठी ओबीएम, म्हणजे मागे बाहेरून बसवायची मोटर, घ्यायला निघतात तेव्हा आधी बोट, वजन आणि पाणी पाहावे लागते. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचे रौद्र रूप पाहिलेल्या शहरात ही निवड अंदाजाने करून चालणार नाही.

गैरसमज : एचपी जितका जास्त, तितकी बोट सुरक्षित.

वस्तुस्थिती : बोटीवरच्या पट्टीवर जास्तीत जास्त एचपी, वजन आणि माणसे लिहिलेली असतात. तीच मर्यादा. तीन मीटरची बोट पाणी कापत जाते तेव्हा तिचा वेग ताशी साधारण ७ किलोमीटरवर अडतो. तेवढ्याला अडीच-तीन एचपी पुरतात. पाण्यावर उचलली जाऊन ती वेगाने धावायला हवी, तर दोन माणसांसह आठ-दहा एचपी लागतात. मधली मोटर घेतली तर पैसे आणि वजन वाढते, वेग फारसा वाढत नाही. अडीच एचपीची फोर-स्ट्रोक मोटर १७-१८ किलोची, तर दहा एचपीच्या आसपासची ३७-४० किलोची. हे सगळे वजन मागच्या फळीवर येते. त्यात एकटा माणूसही मागेच बसला आणि त्याने एकदम वेग दिला, तर नाक उचलून बोट उलटू शकते.

वजनाची मर्यादा तर कधीच ओलांडू नये. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली आणि अनेकांचे जीव गेले. तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती.

गैरसमज : मोटरीचा शाफ्ट लांब असलेला बरा, पंखा (प्रोपेलर) खोल राहतो.

वस्तुस्थिती : लहान मोटरींत शाफ्टची दोन मापे प्रचलित आहेत : १५ इंच आणि २० इंच. बोटीच्या मागच्या फळीची वरच्या कडेपासून तळापर्यंतची उंची मोजा आणि त्याप्रमाणे माप घ्या. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली आली पाहिजे. शाफ्ट आखूड पडला तर पंखा हवा ओढतो. मोटर नुसती गरजते, बोट पुढे सरकत नाही. लांब पडला तर पाण्याचा अडथळा वाढतो आणि उथळ पात्रात पंखा दगडावर आदळतो. बऱ्याच लहान मोटरींत अशा वेळी मुद्दाम कमजोर ठेवलेली एक पिन तुटते आणि गिअर वाचतात. तशी जास्तीची पिन जवळ ठेवावी.

गैरसमज : ५५ पौंडांची इलेक्ट्रिक मोटर म्हणजे चांगली ताकदवान.

वस्तुस्थिती : पौंड हे रेट्याचे माप आहे, शक्तीचे नाही. अशी मोटर १२ व्होल्टवर सुमारे ५० अँपिअर घेते, म्हणजे ६०० वॉट. एक एचपीपेक्षाही कमी. १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची म्हटले, तर पूर्ण वेगाने जेमतेम तासभर. शांत पाण्यात मात्र ती उत्तम : आवाज नाही आणि पाण्यावर तेलाचा तवंग नाही.

गैरसमज : स्कूटरचे टू-टी ऑइल टू-स्ट्रोक मोटरलाही चालते.

वस्तुस्थिती : स्कूटरचे इंजिन हवेने थंड होते, बोटीचे पाण्याने. बोटीच्या मोटरीला ‘टीसी-डब्ल्यू३’ दर्जाचे तेल लागते. कंपनीने ५०:१ प्रमाण सांगितले असेल, तर लिटरभर पेट्रोलला २० मिलिलिटर. फोर-स्ट्रोकला मिश्रण लागत नाही, पण वाहून नेताना ती कंपनीने दाखवलेल्या बाजूवरच आडवी ठेवावी लागते.

गैरसमज : मोटर पाण्यातच असते, मग तापेल कशी?

वस्तुस्थिती : आत पाणी खेचणारा रबरी पंप असतो. गोदावरीतल्या पाणवेली किंवा प्लास्टिकची पिशवी पाणी आत घेणाऱ्या जाळीवर बसली की इंजिन तापते. मागून पाण्याची बारीक धार पडते आहे ना, हे सतत पाहावे; थांबली तर मोटर लगेच बंद करावी. वर्कशॉपमध्ये कोरडी चालवून पाहिल्यास हा पंप काही क्षणांत खराब होतो. पिंपात पाणी भरूनच चाचणी घ्यावी.

गैरसमज : लहान मोटरीला परवानगी कशाला?

वस्तुस्थिती : नद्या-जलाशयांतल्या यांत्रिक नौकांसाठी २०२१चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. खरेदीपूर्वीच महाराष्ट्र सागरी मंडळाकडे नोंदणीची आणि धरणावर जलसंपदा विभागाकडे परवानगीची चौकशी करावी. गंगापूर धरण तर नाशिकच्या पिण्याच्या पाण्याचा आधार आहे.

ताशी सात किलोमीटरने जाणारी बोट त्याहून वेगाच्या पुराविरुद्ध मागे लोटली जाते. म्हणून छंदाची बोट पुरात उतरवू नये. ते काम अग्निशमन आणि आपत्ती दलाच्या प्रशिक्षित जवानांचे. शांत पाण्यातही प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट आणि चालवणाऱ्याच्या मनगटाला मोटर बंद करणारी दोरी हवीच. दुकानात जाताना चार आकडे लिहून न्या : पट्टीवरची एचपी मर्यादा, फळीची उंची, बसणाऱ्यांचे एकूण वजन आणि फळीला झेपणारे मोटरीचे वजन. हे आकडे न विचारता मोटर विकणाऱ्याकडून ती घेऊ नका.